एका दमात

दारावर पाटी : क्ष-किरण विभाग, खोली सात.
खाली कुणीतरी खडूनं लिहिलंय, चपला बाहेर काढा.
चिठ्ठीवर नाव : हंबर्डे वि. गो., वय एकाहत्तर,
डाव्या कुशीत कळ.
मी आधी चिठ्ठी वाचली, मग माणूस.

जिंतूरच्या शाळेत, नववी ब ला,
सर नकाशा न बघता गोदावरी काढायचे.
'नदी तुकड्यातुकड्यानं काढत नसतात, लेकरांनो.
एका दमात. धरा श्वास.'
त्र्यंबकला खडू टेकला की
साठ पोरं गाल फुगवून बसायची.
पैठण. गंगाखेड.
माझा दम नांदेडलाच सुटायचा.
एकटा दिगंबर ढेंबरे जायचा राजमहेंद्रीपर्यंत,
समुद्र लागला की धापा टाकत हसायचा.
तो आता लग्नात क्लॅरिनेट वाजवतो.

अब्बा विहिरीच्या क्रेनवर होते.
सुरुंग उडाला की दुसऱ्या दिवशी मी ढिगाऱ्यावर.
काळा दगड फोडावा, तर आत कधीमधी पोकळी
आणि पोकळीत पांढऱ्या पात्यांचा गुच्छ,
जसं कुणी अंधारात बसून विणत होतं
आणि आपण न विचारता दार उघडलं.

कंपास पेटीत दगड सापडले तेव्हा
गणिताच्या बाईंनी कान पिळला : कर्कटक कुठंय?
सरांनी तोच दगड खिडकीशी नेला,
चष्मा कपाळावर सारला, बराच वेळ बघितला.
'याचं नाव मला माहीत नाही,' म्हणाले,
'विचारून सांगतो.'
शिक्षकाच्या तोंडून हे वाक्य
त्याआधी ऐकलं नव्हतं. नंतरही फारसं नाही.
दीड महिन्यानं, मी विसरून गेल्यावर,
वहीच्या मागच्या पानावर त्यांनी लिहिलं : स्टिलबाइट.
आणि खाली : ठिकाण, तारीख, खोली लिहीत जा, तस्लीम.
ठिकाण नसलेला दगड म्हणजे नुसता दगड.

दहावीला भूगोलात पैकीच्या पैकी, गणितात अडतीस.
पुढं औरंगाबाद, वसतिगृह, फी,
आणि 'पोरीनं दगड शिकून करायचं काय'
हा प्रश्न, जो अब्बा सोडून सगळ्यांनी विचारला.
मग हा डिप्लोमा. हाडांचा.
मी परभणीला असताना घराची पायरी उंच केली,
दगडांचं खोकं अम्मीनं भरावात टाकलं.
तिला वाटलं, भरावासाठीच आणलेत.
मी भांडले नाही. तीन दिवस बोलले नाही, एवढंच.
अजून घरी गेले की त्या पायरीवर
पाय जरा हलका पडतो.

'उताणे झोपा सर. हात छातीवर.'
सर सगळ्यांनाच म्हणतो आम्ही इथं,
त्यामुळं त्यांनी ओळखायचं कारण नव्हतं.
टेबल गार आहे, म्हणाले.
मी काचेमागं गेले.
'श्वास घ्या. धरा. हलू नका.'
त्यांनी गाल फुगवले.
बटण दाबून झालं होतं, यंत्राचं काम संपलं होतं,
पण 'सोडा' म्हणायला मला उशीर झाला,
पैठण गेलं, गंगाखेड गेलं...
'सोडा, सर. नांदेड आलं.'

टेबलावर काही हललं नाही.
मग छत बघत बघतच ते म्हणाले,
'विहिरीवरची का गं तू?'

पडद्यावर मणक्याच्या डाव्या अंगाला
ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका.
मी त्यांना बोलावून दाखवला.
निदान डॉक्टर सांगतात, आम्ही बोलायचं नसतं,
पण दाखवला.
त्यांनी चष्मा कपाळावर सारला.

महिन्याभरानं त्यांचा नातू
औषधाची रिकामी बाटली देऊन गेला.
आत खडा. बाहेर वहीच्या कागदाची चिठ्ठी,
अक्षर थरथरतं, ओळी मात्र सरळ :
ठिकाण, डावी कूस.
तारीख, गुरुवार पहाट.
खोली, सात.
आणि नावापुढं :
विचारून सांगतो.